नकाशे अभ्यासायला फेलोशिप!

मंडळी, अमेरिकेत मिल्वॉकीच्या विद्यापीठात अमेरिकन जिऑग्राफिकल सोसायटीचं ग्रंथालय आहे. १९७८ साली ते न्यूयॉर्कहून तिथे हललं. तिथले नकाशे अभ्यासायला बाहेरच्या संशोधकांना फेलोशिप मिळते. काही नकाशा-ग्रंथालयं तर चित्रकारांनाही बोलावतात!

साक्रीकरांनो, विषय आपल्याकडेही भरपूर आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटवर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. कान नदीची वळणं, भामेर किल्ल्याभोवती दाटत गेलेल्या तपकिरी समोच्च रेषा... नजर हलत नाही! जोडीला जुन्या कागदपत्रांसाठी धुळ्याचं १९२७ पासूनचं राजवाडे संशोधन मंडळ आहेच.

भूगोल, इतिहास, चित्रकला शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींनी अशा फेलोशिपसाठी अर्ज जरूर करावा. त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोहोचवा.