गावरान टमाट्याचं बी

गावरान टमाटा चपटा असतो. त्याला खाचा असतात. साल पातळ, रस आंबट. लवकर मऊ पडतो, म्हणून व्यापाऱ्याला नको असतो. पण वरणाला, चटणीला चव त्याचीच.

“गुरुजी, पुडीतल्या बियांना फळं जास्त लागतात. मग गावरान कशाला?” असं बाया विचारतात. खरं आहे. पण संकरित फळाचं बी पुन्हा लावलं, तर तशीच फळं येतील याचा भरवसा नाही. दर साली पुडी विकत आणावी लागते. गावरान टमाट्याचं फूल बहुधा आपल्याच परागानं फळतं. म्हणून घरचं बी लावलं की तेच वाण मिळतं.

अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे शाळा शिकल्या नाहीत. त्यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

बी असं धरा. निरोगी, भरपूर फळांच्या झाडाला चिंधी बांधा. त्याची फळं झाडावरच पूर्ण पिकू द्या. गर भांड्यात काढून थोडं पाणी घाला. दोन दिवस ठेवा. फेस येतो, वास सुटतो. सुटू द्या! बियांवरचा बुळबुळीतपणा त्यानंच जातो. जास्त दिवस मात्र ठेवू नका, बी तिथंच मोड धरतं. मग धुवा. तळाशी बसलेलं बी घ्या. ताटात पसरून सावलीत वाळवा. कागदावर चिकटतं.

खडखडीत वाळलं की राखेत मिसळून बाटलीत भरा. वर वाणाचं नाव आणि साल लिहा. आता लिहिता येतंच की! थोडं बी शेजारी द्या. आपलं खराब झालं, तर तिथून मागता येतं.