तळपाय चोळा, पण औषध सोडू नका

मंडळी, दिवसभर रानात राबून घरी यावे आणि कुणी काशाच्या वाटीने तळपाय चोळून द्यावेत, की कशी छान झोप लागते! हा अनुभव तुमच्या घरचाच आहे. पण तळपाय दाबून दमा, मधुमेह असे जुनाट विकार बरे होतात काय? आज त्याचा विचार करू.

तळपायाचे ठराविक बिंदू दाबण्याच्या पद्धतीला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात. अमेरिकेतील कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले आणि १९१७ साली त्यावर पुस्तक काढले. पुढे युनिस इंगहॅम या बाईंनी सगळ्या शरीराचा नकाशाच तळपायावर मांडला. अंगठ्यात डोके, चवड्यात फुप्फुसे, असा तो नकाशा. मात्र त्या बिंदूपासून त्या अवयवापर्यंत जाणारी वाट शरीरशास्त्राला सापडलेली नाही.

मग लोकांना बरे वाटते ते खोटे का? तसेही नाही. डेन्मार्कमध्ये दम्याच्या ४० रोग्यांवर एक प्रयोग झाला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. काहींना दहा आठवडे खरे उपचार दिले, बाकीच्यांना नुसते तसे भासवले. गंमत अशी, की दोन्हीकडच्या रोग्यांना बरे वाटू लागले! श्वास मोजण्याच्या यंत्रावरचे आकडे मात्र दोन्हीकडे होते तिथेच राहिले. म्हणजे गुण त्या ठराविक बिंदूंचा, असे म्हणता येत नाही.

एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ साली असे १८ प्रयोग तपासले. कोणत्याही रोगावर खात्रीचा पुरावा त्यांना मिळाला नाही. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांची धाप थोडी कमी झाली; वेदना आणि मळमळ मात्र हटली नाही. त्यांचे नेहमीचे औषधपाणी चालूच होते, हे ध्यानात ठेवा.

शिक्षकबंधूंनो, मुलांना एवढे जरूर शिकवा: "गुण आला" असे कुणी म्हटले, की "कशाशी ताडून पाहिले?" असे विचारावे.

आणि घरच्या मंडळींनो, म्हाताऱ्या माणसांचे पाय खुशाल चोळा. त्यांना विसावा मिळेल. पण मधुमेहात पाय बधिर झालेले असतील तर जोराने दाबू नका. जखम झाली तरी कळत नाही. आणि पाय चोळतो म्हणून इन्सुलिन किंवा दम्याचे औषध कधीही बंद करू नका. तिथे जिवाशी गाठ आहे.