एसएसडी घेताना : किंमत, वेग आणि टिकाऊपणा

शाळेच्या संगणक कक्षातला एक अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. तास ३५ मिनिटांचा, आणि जुने संगणक सुरू होण्यातच त्यातली पाच-सात मिनिटे जातात. सगळे संगणक बदलण्याइतके पैसे नसतात. अशा वेळी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, बसवता येते. पण दुकानात सारख्याच क्षमतेच्या एसएसडींच्या किमती वेगवेगळ्या असतात. त्यातली कोणती घ्यावी?

प्रथम हार्ड डिस्क पाहू. तिची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा वाचकशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी ८-९ मिलिसेकंद. त्यामुळे विखुरलेल्या माहितीचे सेकंदाला जेमतेम ८० तुकडे वाचून होतात. संगणक सुरू होताना नेमके असेच हजारो तुकडे वाचावे लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तिथे या कामाला साधारण ०.१ मिलिसेकंद पुरतो. हा लाभ स्वस्त एसएसडीतही मिळतो.

मग किमतीत फरक का? एसएसडीतील सूक्ष्म पेशींमध्ये विद्युतभार साठवून माहिती लिहिली जाते. पेशीला पाण्याची बाटली समजू. बाटली भरलेली की रिकामी एवढेच ओळखायचे असेल, तर एका नजरेत कळते. हा झाला एक बिट. एकाच पेशीत तीन बिट बसवायचे तर पाण्याच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात आणि चार बिटांसाठी १६. पहिल्या प्रकाराला टीएलसी व दुसऱ्याला क्यूएलसी म्हणतात. क्यूएलसीत तेवढ्याच पेशींत जास्त माहिती मावते, म्हणून ती स्वस्त पडते. पण बारीक पातळ्या भरण्यास वेळ लागतो आणि पेशी थोडी झिजली तरी वाचनात चूक होऊ शकते.

सॅमसंगच्या १ टेराबाइटच्या दोन एसएसडींची तुलना करू. टीएलसी असलेल्या ‘८७० इव्हो’ची हमी ६०० टेराबाइट लेखनापर्यंत आहे, तर क्यूएलसी असलेल्या ‘८७० क्यूव्हीओ’ची ३६० टेराबाइटपर्यंत. मात्र रोज २० गिगाबाइट लिहिले, तरी ३६० टेराबाइट व्हायला १८,००० दिवस, म्हणजे सुमारे ४९ वर्षे लागतील! शाळेच्या वापरात झीज ही मोठी अडचण नाही. क्यूएलसीची उणीव दिसते ती खूप मोठ्या फायली सलग लिहिताना.

दुसरा फरक जोडणीचा. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते, एनव्हीएमई जोडणीची ३५०० किंवा त्याहूनही अधिक. पण हे आकडे सलग वाचनाचे आहेत. संगणक सुरू होणे किंवा लेखनाचा प्रोग्रॅम उघडणे यांत एवढे अंतर जाणवत नाही. शिवाय अनेक जुन्या संगणकांत एनव्हीएमईसाठी जागाच नसते. एम.२ आकाराची एसएसडी या दोन्हींपैकी कोणत्याही जोडणीची असू शकते, हेही विचारून घ्यावे.

तेव्हा जुन्या संगणकांसाठी साटा जोडणीची टीएलसी एसएसडी पुरेशी आहे. वाचलेल्या पैशांतून एक बाह्य हार्ड डिस्क घ्यावी आणि निकालपत्रकांची प्रत तिच्यावर ठेवावी, कारण एसएसडी बिघडली की माहिती परत मिळवणे फार अवघड असते.

सर्व संगणकांसाठी खरेदी करण्यापूर्वी एकाच संगणकात एसएसडी बसवावी. सुरू होण्यास आधी किती सेकंद लागत होते आणि आता किती लागतात, हे विद्यार्थ्यांनाच घड्याळ लावून मोजू द्यावे.