हाडं नसताना रक्त कुठून?

हृदयाची सरळ नळी वळसा कसा घेते, ते आज सांगायचं होतं. ते पुढच्या आठवड्यात. चोपडा तालुक्यातल्या एका आशाताईंच्या पत्राने मला या आठवड्यात दुसरं काही सुचू दिलेलं नाही. त्या विचारतात, "हृदय बाविसाव्या दिवसाच्या सुमारास धडधडू लागतं म्हणता. रक्त हाडांतल्या मज्जेत तयार होतं. तेव्हा हाडंच नसतात, मग रक्त कुठलं?"

बिनतोड प्रश्न! ते पहिलं रक्त गर्भाच्या शरीराबाहेर तयार होतं. तिसऱ्या आठवड्यात, गर्भाला जोडलेल्या पीतक पिशवीच्या भिंतीत पेशींचे पुंजके जमतात. आतल्या पेशींचं रक्त होतं, कडेच्या पेशींची रक्तवाहिनी. माणसाच्या या पिशवीत बलक नसतो, तरी हे काम ती चुकवत नाही. डोळ्यांनी बघायचं असेल, तर रवणावर बसलेल्या कोंबडीखालचं चार दिवसांचं अंडं अंधारात टॉर्चवर धरा. मध्ये गडद ठिपका आणि कोळ्याच्या पायांसारख्या चहूकडे गेलेल्या लाल शिरा दिसतील.

पुढे हे काम यकृताकडे जातं. महाधमनीच्या भिंतीतून सुटलेल्या मूळपेशी तिथे मुक्काम करतात, आणि यकृत एवढं वाढतं की गर्भाचं पोट त्यानेच फुगलेलं दिसतं. मज्जा साधारण अकराव्या आठवड्यात कामाला लागते, पण मुख्य भार तिच्यावर येतो तो सातव्या महिन्याच्या सुमारास.

जागेबरोबर हिमोग्लोबिनही बदलतं. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये अल्फा साखळ्यांच्या जोडीला गॅमा साखळ्या असतात, त्यामुळे त्याला आईच्या रक्तातला ऑक्सिजन ओढून घेता येतो. नंतर गॅमाची जागा बीटा घेते. हा बदल गर्भधारणेपासूनच्या वयाप्रमाणे होतो. बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं, म्हणून तो आधी उरकत नाही.

पत्राचा उरलेला भाग याच बदलाशी जोडलेला आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूरकडच्या पावरा आणि भिल्ल वस्त्यांना सिकलसेल नवा नाही. आईबाप दोघंही वाहक, बाळ मात्र गुटगुटीत. आणि सहाव्या महिन्यात अचानक हातापायांचे पंजे सुजतात, बाळ कळवळून रडतं. असं का?

सिकलसेलचा दोष बीटा साखळीत असतो. गॅमा भरपूर आहे तोवर तो दबून राहतो. नवजात बाळांचं हे संरक्षण ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये ओळखलं. आज रुग्णांना देतात ते हायड्रॉक्सियुरिया मुख्यतः गॅमा वाढवूनच उपयोगी पडतं. २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मान्य झालेली जनुक-संपादनाची उपचारपद्धतीही तेच करते: गॅमाला गप्प बसवणारं जनुक रक्ताच्या मूळपेशींत सैल करते. गर्भाच्या घडणीचा अभ्यास खाटेवरच्या रुग्णापर्यंत इतका सरळ पोचल्याची उदाहरणं मला फार थोडी माहीत आहेत.

आशाताई, तुमच्या कामाची गोष्ट आता सांगतो. याच गॅमामुळे तान्ह्या बाळाची सोल्युबिलिटी चाचणी फसू शकते. आईबाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा 'निगेटिव्ह' पाहून थांबू नका. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या, आणि तेही पंजे सुजायची वाट न बघता. निदान लवकर झालं, तर पेनिसिलिन आणि लसी वेळेवर सुरू करता येतात.