इंजिनाचा श्वास (लेखांक ७) : उरलेल्या ऑक्सिजनची साक्ष

मागच्या आठवड्यात आपण इंजेक्टरपर्यंत आलो होतो. पेट्रोल किती सोडायचे ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. पण सोडलेले पेट्रोल बेताचे होते की नाही, हे त्याला कळते कसे?

कार्ब्युरेटरच्या काळात हे मेकॅनिकची नजर सांगायची. प्लग काढून टोक पाहायचे. काजळी धरलेली असेल तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरे पडले असेल तर लीन, म्हणजे हवा जास्त. तपकिरी असेल तर स्क्रूला हात लावायचा नाही. आता हीच परीक्षा ऑक्सिजन सेन्सर चालत्या गाडीत घेतो. १९७६ साली व्होल्वोने अमेरिकेत विकायच्या गाड्यांत बॉशचा सेन्सर बसवला. २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून आपल्याकडच्या बहुतेक दुचाक्यांवरही तो असतो.

बाहेरून तो स्पार्क प्लगचा भाऊ वाटतो. आत मात्र, शिंपी बोटात घालतात तसली झिर्कोनियाची छोटी टोपी असते आणि तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर असतो. टोपीच्या बाहेर इंजिनातून आलेला जळका वायू, आत साधी हवा. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापली, की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये तफावत जेवढी मोठी, तेवढे व्होल्टेज जास्त. मिश्रण रिच असेल तर जळक्या वायूत ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही आणि मीटर ०.९ व्होल्टच्या आसपास जातो. लीन असेल तर ०.१ पर्यंत उतरतो. मधला ०.४५ चा टप्पा म्हणजे एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा.

तापलेल्या, निरोगी इंजिनावर हा आकडा सतत वर-खाली होतो, कारण ईसीयू पेट्रोल जरा कमी करतो, जरा वाढवतो. आकडा एकाच जागी खिळला, तर शंका घ्यावी.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. तो मोजतो उरलेला ऑक्सिजन. समजा, एका सिलिंडरचा प्लग ठिणगी देत नाही. तिथले पेट्रोल जळत नाही, तसा ऑक्सिजनही खर्च होत नाही. सेन्सर तो ऑक्सिजन पाहून 'लीन' कळवतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि आधीच कच्च्या पेट्रोलचा वास मारणारी गाडी आणखी पेट्रोल पिऊ लागते. सेन्सरच्या अलीकडचे गॅस्केट गळून बाहेरची हवा आत शिरली, तरी हाच घोळ होतो. दोन्ही वेळा सेन्सरची साक्ष खरी असते, आणि बदलला जातो तोच बिचारा! म्हणून आधी प्लग पाहा, जोड पाहा, वायर पाहा. नवा सेन्सर सगळ्यात शेवटी.

पुढील लेखांकात : ईसीयूला १४.७ चाच आग्रह का? उत्तर सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये आहे.