चित्र कशाला बांधावे?

संगणकावर अर्ज, अहवाल किंवा निवेदन तयार करणाऱ्या मंडळींची एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. मजकूर नीट टाइप झालेला असतो, छायाचित्रे जागच्या जागी बसलेली असतात. आणि वरच्या परिच्छेदात दोन ओळी वाढवताच एक चित्र पुढच्या पानावर जाते, दुसरे समासात शिरते, तिसऱ्याखाली अक्षरे दडून बसतात. "संगणकाला वेड लागले आहे," असा निकाल देऊन माणूस मोकळा होतो. वस्तुतः संगणकाला वेड लागलेले नसते. त्याला जो नियम सांगितलेला असतो तो तो इमानाने पाळीत असतो. तो नियम आपणच सांगितला, हे मात्र आपल्या गावीही नसते. हा नियम काय आहे ते समजावून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इतक्या लहान गोष्टीचा एवढा ऊहापोह कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, चित्र शब्दांच्या शेजारी असते तेव्हाच ते पुरावा ठरते. अमेरिकेत १९०८ साली राष्ट्रीय बालकामगार समितीने लुइस हाइन या छायाचित्रकाराला कामावर घेतले. कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने हिंडून त्याने राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढली. पण तो नुसती चित्रे काढून थांबला नाही. मुलाचे वय काय, गाव कोणते, काम कसले, याची टिपणे तो चित्रांबरोबर ठेवीत असे. चित्राने मन हलते. परंतु कायद्यापुढे उभे राहावयाचे तर चित्राला नोंदीचा आधार लागतो. नोंद आणि चित्र यांची ताटातूट झाली की दोन्ही निकामी होतात.

आज बहुतेक कामगारांच्या खिशात कॅमेरा असलेला फोन आहे. सुरक्षिततेविषयी निरीक्षकांकडे निवेदन द्यावयाचे तर त्यात पाचसहा छायाचित्रे सहज येतात. आता अशी कल्पना करा की, "पट्ट्यावरचे जाळीचे कवच काढून टाकलेले आहे" या वाक्याखाली त्या यंत्राचे चित्र न येता पिण्याच्या पाण्याच्या टाकीचे चित्र आले आहे. समोरचा पक्ष एवढेच म्हणेल, "यांना स्वतःचाच पुरावा वाचता येत नाही." सहा चित्रांतले एक चुकले की उरलेल्या पाचांचीही पत जाते. म्हणून आम्ही या विषयाला क्षुल्लक मानीत नाही.

जुन्या छापखान्यात हा प्रश्न उद्भवत नसे. जुळारी शिशाचे खिळे जुळवी. चित्राचा ठसा लाकडी ठोकळ्यावर बसवून खिळ्यांच्याच उंचीचा केलेला असे. दोन्ही लोखंडी चौकटीत घालून पाचरी ठोकल्या की फर्मा पक्का आवळला जाई. त्यानंतर एक अक्षर जरी हलवावयाचे झाले तरी चौकट सैल करावी लागे. संगणकावरचे पान असे आवळलेले नसते. एक शब्द वाढला की त्यापुढच्या ओळी नव्याने मोडल्या जातात आणि पाने नव्याने पाडली जातात. तेथे पान कायमचे नाही. कायमचा असतो तो मजकुराचा क्रम. ही एक गोष्ट ध्यानात धरली की पुढचे सारे सोपे होते. चित्र पानावर कोठे दिसावे हा नंतरचा प्रश्न. ते कशाला बांधावे, हा पहिला प्रश्न.

मायक्रोसॉफ्ट वर्डची डॉकएक्स फाइल हे खरोखर झिप पद्धतीने बांधलेले एक गाठोडे असते. त्यात चित्रे एका निराळ्या कप्प्यात ठेवलेली असतात आणि मजकुरात फक्त "येथे अमुक चित्र आहे" अशी खूण असते. ही खूण दोन प्रकारची असू शकते. एकीचे नाव 'इनलाइन', दुसरीचे नाव 'अँकर'.

पहिल्या प्रकाराला वर्डच्या यादीत 'इन लाइन विथ टेक्स्ट' म्हणतात. यात चित्र म्हणजे एक मोठे अक्षर. त्याच्याआधी शब्द घातला तर ते पुढे सरकते, एंटर दाबले तर खालच्या ओळीवर जाते, ओळ मध्यावर घेतली तर तेही मध्यावर येते. जुन्या छापखान्यातील ठशाचा हा सख्खा भाऊ होय. असे चित्र आपली जागा सोडून भटकत नाही. कारण आपल्या वाक्यांच्या रांगेतच ते उभे असते. मात्र एक अडचण लक्षात ठेवावी. परिच्छेदातील ओळींचे अंतर 'एक्झॅक्टली' या पर्यायाने ठराविक केलेले असेल, तर ओळ चित्राच्या उंचीएवढी वाढू शकत नाही आणि चित्राची केवळ एक चिंधी दिसते. चित्र बिघडले असे समजून लोक ते पुन्हापुन्हा घालीत बसतात. अंतर 'सिंगल' करावे, चित्र पूर्ण दिसू लागते.

दुसऱ्या प्रकारात चित्र मजकुराच्या रांगेतून बाहेर काढलेले असते. ते पानावर तरंगते आणि अक्षरे त्याला वळसा घालून जातात. 'स्क्वेअर' म्हटले तर चौकोनी वळसा, 'टाइट' म्हटले तर आकृतीच्या कडेकडेने, 'टॉप अँड बॉटम' म्हटले तर अक्षरे केवळ वर आणि खाली. 'बिहाइंड टेक्स्ट' मध्ये चित्र अक्षरांच्या मागे जाते, 'इन फ्रंट ऑफ टेक्स्ट' मध्ये ते अक्षरांवर चढून बसते. परंतु तरंगणारे चित्र मोकाट नसते. अँकर म्हणजे नांगर. होडी पाण्यावर इकडेतिकडे डोलते, पण नांगर जेथे टाकला तेथेच तिचा मुक्काम. येथे नांगर एखाद्या परिच्छेदात टाकलेला असतो. चित्र निवडले की समासात नांगराचे लहान चिन्ह दिसते. न दिसल्यास 'ऑप्शन्स' मधील 'डिस्प्ले' या भागात ते दिसण्याची सोय आहे.

या नांगराचे कायदे थोडेच आहेत, पण ते पाठ असावेत. चित्र नेहमी आपल्या नांगराच्या परिच्छेदाच्याच पानावर राहते. परिच्छेद पुढच्या पानावर गेला की चित्र त्याच्यामागून जाते. तो परिच्छेद समूळ पुसला तर त्याला बांधलेले चित्रही पुसले जाते. चित्र माउसने ओढून दुसरीकडे नेले तर नांगर बहुधा नव्या जागेजवळच्या परिच्छेदात जाऊन पडतो, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. डोळ्यांना चित्र योग्य ठिकाणी दिसत असते. नांगर मात्र भलत्याच परिच्छेदात असतो. 'लॉक अँकर' या शब्दांवरून चित्र पानावर खिळले असे वाटते, पण त्याने फक्त नांगर त्या परिच्छेदात पक्का होतो. 'फिक्स पोझिशन ऑन पेज' म्हटल्याने चित्राची त्या पानावरील उंची ठरते. परंतु पान कोणते, हे नांगरच ठरवितो.

लिब्रेऑफिस रायटर या विनामूल्य प्रणालीत हाच व्यवहार अधिक उघड आहे. तेथे चित्र पानाला, परिच्छेदाला किंवा अक्षराला बांधावे की तेच अक्षरासारखे मानावे, असे स्पष्ट विचारलेले असते. पानाला बांधलेले चित्र मजकूर कितीही सरकला तरी त्या पानावरच राहते. पत्रकाच्या माथ्यावरील बोधचिन्हाला हे ठीक. पुराव्याच्या छायाचित्राला ते घातक, कारण मजकूर पुढे निघून जातो आणि चित्र मागे राहते.

मग आपण काय करावे? निवेदन, अहवाल, चौकशीपुढचे म्हणणे अशा कागदांसाठी आमचा सल्ला सरळ आहे. प्रत्येक छायाचित्र 'इन लाइन' ठेवावे आणि त्याला स्वतंत्र परिच्छेद द्यावा. त्या परिच्छेदाला 'कीप विथ नेक्स्ट' हा गुण लावावा, म्हणजे चित्र एका पानावर आणि त्याखालची ओळ दुसऱ्या पानावर असे होत नाही. खालची ओळ 'इन्सर्ट कॅप्शन' ने घालावी. मग आकृत्यांचे क्रमांक संगणकच सांभाळतो. मजकुरात "आकृती ३ पाहा" असे हाताने न लिहिता 'क्रॉस-रेफरन्स' वापरावा आणि शेवटी सारा मजकूर निवडून एफ-९ ही कळ दाबावी, म्हणजे मध्ये एखादे चित्र वाढले तरी आकडे जुळतात. दोन चित्रे शेजारीशेजारी हवी असतील तर स्पेसबार बडवीत बसू नये. दोन स्तंभांचे, रेषा नसलेले कोष्टक करावे. वरच्या ओळीत चित्रे, खालच्या ओळीत नोंदी. तरंगणारी चित्रे भित्तिपत्रकासाठी आणि हस्तपत्रिकेसाठी राखून ठेवावी. या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. जे अंध वाचक संगणकाकडून मजकूर वाचवून घेतात, त्यांना रांगेतले चित्र योग्य क्रमाने भेटते. त्यासाठी 'ऑल्ट टेक्स्ट' मध्ये चित्राचे दोन ओळींत वर्णन लिहावे.

फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली की नवा धोका संभवतो. आपण मंगल टंकात लिहिले आणि त्या यंत्रावर तो टंक नसला तर दुसरा टंक त्याची जागा घेतो. देवनागरी टंकांच्या ओळींच्या उंचीत बराच फरक असल्यामुळे पाने निराळी पडतात आणि तरंगणारी चित्रे हलतात. म्हणून अंतिम प्रत पीडीएफ करूनच द्यावी. १९९३ साली अ‍ॅडोबी कंपनीने आणलेले आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेले हे स्वरूप म्हणजे संगणकावरचा आवळलेला फर्मा होय.

शेवटी एका गंभीर गोष्टीकडे लक्ष वेधणे आम्हांस आवश्यक वाटते. पुष्कळदा छायाचित्रात एखादा कामगार दिसतो आणि त्याचा चेहरा प्रकट होऊ नये अशी त्याची इच्छा असते. अशा वेळी चेहऱ्यावर काळा चौकोन ठेवून लोक निश्चिंत होतात. हा चौकोनही एक तरंगणारी वस्तू आहे. त्याचा नांगर वेगळा असू शकतो. दोन ओळी वाढल्या की चौकोन सरकतो आणि चेहरा उघडा पडतो. तो न सरकला तरी कोणीही बोटाने उचलून बाजूला ठेवू शकतो. वर्डमध्ये चित्र कातरले तरी कातरलेला भाग फाइलीत तसाच शिल्लक असतो. 'कॉम्प्रेस पिक्चर्स' मध्ये जाऊन तो मुद्दाम काढावा लागतो. झाकणे म्हणजे काढणे नव्हे. यास्तव छायाचित्र आधी फोटोच्या प्रणालीत कातरून त्याची नवी प्रत करावी, आणि ती नवी प्रतच कागदात घालावी. ज्याने विश्वासाने आपले चित्र दिले त्याच्या नोकरीचा प्रश्न असतो.

कागद पाठविण्यापूर्वी दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने प्रत्येक नोंद मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने त्या नोंदीचे चित्र बोटाने दाखवावे. दहा मिनिटांचे हे काम आहे. ज्या माणसांचे म्हणणे त्या कागदात आहे, त्यांच्या मानाने ती दहा मिनिटे काहीच नव्हेत.