शेजारचा तांडा: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्यात किल्ले धारूरच्या आसपास, बालाघाटच्या डोंगरात गावांच्या शेजारी तांडे, म्हणजे बंजारा वस्त्या आहेत. मध्ये फार तर एखादा ओढा नाहीतर माळ. पण इतक्या जवळ राहूनही बंजारा समाजाबद्दलचे काही चुकीचे समज पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत.

गैरसमज १: बंजारा आणि वंजारी एकच.
वस्तुस्थिती: नावं सारखी वाटतात आणि बीड जिल्ह्यात दोन्ही समाज मोठे आहेत, म्हणून हा घोळ होतो. वंजाऱ्यांच्या घरात मराठी बोलतात, बंजाऱ्यांच्या घरात गोरबोली. बंजारा स्वतःला ‘गोर’ किंवा ‘गोरमाटी’ म्हणवतात. सरकारी यादीतही बंजारा विमुक्त जाती ‘अ’ मध्ये आहेत, वंजारी भटक्या जमाती ‘ड’ मध्ये.

गैरसमज २: गोरबोली म्हणजे मोडकीतोडकी हिंदी, तिला लिपीच नाही.
वस्तुस्थिती: भाषाशास्त्रज्ञ तिला राजस्थानी गटात ठेवतात. आईला ‘याडी’ आणि भाकरीला ‘बाटी’ म्हणणाऱ्या या भाषेत दख्खनी मुक्कामात मराठी, तेलुगू, कन्नड शब्द मिसळले, पण व्याकरण तिचं स्वतःचं राहिलं. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. मराठीही मोडीत लिहिली जायची. लिपी बदलल्यानं ती मराठी राहिली नाही असं कोणी म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी (ही गोरबोलीचीच नावं) बोलणारे ३२ लाखांहून अधिक नोंदले गेले, पण ही संख्या हिंदीच्या खात्यात मोजली गेली.

गैरसमज ३: ही गुन्हेगार जमात होती.
वस्तुस्थिती: बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ आणि धान्य मुलूखभर पोहोचवणं, म्हणजे ‘लदेणी’, हा त्यांचा धंदा होता. मोठमोठ्या फौजांचं पोट या तांड्यांच्या धान्यावर चालायचं. रेल्वे आली, मिठावर इंग्रजांचं नियंत्रण बसलं आणि लदेणी मोडली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पुढे जन्मावरूनच माणसांवर शिक्का मारला. अनेक भागांतले बंजारेही त्यात सापडले. १९५२ मध्ये तो कायदा गेला. ‘विमुक्त’ हा शब्द तिथून आला.

गैरसमज ४: भटकणं त्यांच्या रक्तातच आहे.
वस्तुस्थिती: तांडे केव्हाच स्थिरावले आहेत. तिथे घरं आहेत, शेती आहे, समाजाचे संत सेवालाल महाराज यांची मंदिरं आहेत. श्रावणात मुली टोपल्यांत गहू पेरून तीज साजरी करतात, होळीला लेंगी गीतं रंगतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास घरांना कुलपं लागतात ती ऊसतोडीमुळे. कोरडवाहू जमीन, पाण्याची टंचाई आणि मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) माणसाला उसाच्या फडावर नेते. याच डोंगरातले इतर समाजांचे मजूरही त्याच वाटेनं जातात.

तांड्यावरचं मूल पहिलीत गप्प बसलं, तर त्याला मठ्ठ ठरवू नका. शाळेत कानावर पडणारी मराठी ही त्याची दुसरी भाषा आहे. गुरुजींनी, बाईंनी त्याच्या बोलीतले दहा शब्द शिकून घ्यावेत. सुरुवात ‘याडी’पासून करावी.